गावात माणसं सोळाशे, सकाळी सात वाजता फाट्यावर किती?

मंगळवेढा तालुक्याच्या दक्षिण भागातल्या एका तरुणाचा प्रश्न थोडक्यात असा: "आमच्या गावची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १,६४० आहे. आज अडीच हजारांच्या घरात असेल. एसटीच्या संपाआधी दिवसाला दोन फेऱ्या होत्या. संपानंतर सकाळची परत आलीच नाही, संध्याकाळची मनात येईल तेव्हा येते. ग्रामसभेचे तीन ठराव आगारात दिले, उत्तर नाही. किती लोकसंख्येला किती गाड्या असा काही नियम असेल तर सांगा, तो दाखवून गाडी मागू."

सोलापूर विभागात मी एसटीत तीसेक वर्षं काढली. कंडक्टर म्हणून लागलो, कंट्रोलर झालो, शेवटची वर्षं वाहतूक निरीक्षक होतो. फेरी सुरू करायचे आणि बंद करायचे असे दोन्ही कागद माझ्या हातून गेलेत. बंदचे जरा जास्तच. त्यामुळे खिडकीच्या आतून हा मामला कसा दिसतो ते सांगतो.

आधी सरळ उत्तर. माझ्या अख्ख्या नोकरीत हजार माणसांमागे एक फेरी असा कागद माझ्या टेबलावर कधी आला नाही. 'गाव तिथे एसटी' हे ब्रीद आहे आणि त्याचा आम्हाला अभिमानही आहे, पण ब्रीदात आकडा नसतो. ठरावात तुम्ही लोकसंख्या लिहिलीत, लोकांची गैरसोय लिहिलीत, "तरी गाडी सुरू करावी ही नम्र विनंती" लिहिलंत. असे ठराव आगारात गठ्ठ्याने येतात आणि सगळे सारखेच दिसतात. तुमचा ठराव कुणी दाबून ठेवला असेल असं मला वाटत नाही. त्यात हाताला धरायला काही नव्हतं, एवढंच.

लोकसंख्येचा आकडा चालतो तो रस्त्याला. प्रधानमंत्री ग्राम सडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली, तेव्हापासून सपाट भागात ५०० लोकवस्ती ही तिची अट आहे (डोंगरी, आदिवासी भागात २५०). आधी २००१ ची जनगणना धरायचे, २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्याला २०११ ची धरतात. पण गावकरी एक गोष्ट विसरतात. तिथे मोजतात ती 'वस्ती', महसुली गाव नाही आणि ग्रामपंचायतही नाही. ५०० मीटरच्या आत असलेल्या वस्त्या एकत्र धरता येतात. म्हणजे तुमच्या गावाची मळ्यातली एक वस्ती ३०० ची आणि शेजारची २२० ची, मधे चारशे मीटर शेत, तर त्या दोन्ही मिळून एक धरायला जागा आहे. उलट गाव सोळाशेचं आहे म्हणून त्याच्या प्रत्येक वाडीला रस्ता मिळेल, असं होत नाही. तुमच्याकडे पूर्वी एसटी येत होती, म्हणजे गावठाणापर्यंत डांबर आहे. तेव्हा तुमचं रस्त्याचं भांडण असलंच तर वाड्यांचं आहे. ते वेगळं ठेवा, गाडीच्या अर्जात घुसडू नका. गाडीच्या अर्जात पाणंद रस्ता आला की साहेब म्हणतात, "हे आपल्याकडचं नाही," आणि सगळाच कागद पुढच्या टेबलावर जातो.

आता तुमचे अडीच हजार. भाऊ, हा आकडा अर्जात लिहू नका. आख्ख्या सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ३८,४९,५४३ होती, २०११ मध्ये ४३,१७,७५६ झाली. म्हणजे दहा वर्षांत बारा टक्क्यांच्या आसपास वाढ, त्यात सोलापूर शहरही आलं. तोच दर धरला तर तुमचे १,६४० पंधरा वर्षांत साडेएकोणीसशेच्या आसपास जातात. अडीच हजार वाचल्यावर टेबलापलीकडच्या माणसाला पहिली शंका येते, आणि मग तुमच्या बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही तो विश्वास ठेवत नाही.

तुम्ही मुद्दाम फुगवलंत असं मी म्हणत नाही. गावात माणसं जास्त दिसतात आणि कागदावर कमी, याला कारण आहे. जनगणनेची शिरगणती फेब्रुवारीत होते. २०११ ची ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली, संदर्भ तारीख १ मार्च. फेब्रुवारी म्हणजे आपल्याकडे कारखान्यांचा गाळप हंगाम. मंगळवेढा-सांगोल्याच्या कोरडवाहू पट्ट्यातली बरीच कुटुंबं तेव्हा कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर असतात. मोजणीचा सगळा काळ जो घरी नसतो, तो जिथे सापडेल तिथे मोजला जातो. त्यामुळे तुमची माणसं कारखान्याच्या तळावर, कोप्यांत (पाचटाच्या झोपड्यांत) मोजली गेली असतील, आणि माळशिरस-पंढरपूरकडच्या एखाद्या गावाचा आकडा त्यांच्यामुळे फुगला असेल. पुढची जनगणना २०२७ ची आहे आणि तिचीही संदर्भ तारीख १ मार्चच आहे. म्हणजे परत तेच.

त्यामुळे गावचा खरा आकडा हवा असेल तर अंगणवाडी सेविकेकडे जा. तिचं सर्वेक्षणाचं रजिस्टर असतं. कुठल्या घरात किती माणसं, कुणाचं मूल किती वर्षांचं, कोण तोडीला गेलंय, सगळं तिला माहीत असतं. आशाताईंकडे म्हातारी माणसं आणि गरोदर बायका यांची यादी मिळेल. हे दोन कागद जनगणनेपेक्षा ताजे आहेत आणि तुमच्या गावातच आहेत.

तरीही एवढ्याने गाडी येणार नाही. आगार लोकसंख्या मोजत नाही, भारमान मोजतं. गाडीत जितक्या जागा आहेत आणि गाडी जितके किलोमीटर धावते, त्या सगळ्यातलं किती वापरलं गेलं, ते भारमान. वरून भरलेली दिसणारी गाडी कागदावर रिकामी कशी निघते, ते एका हिशेबात दाखवतो. अंतर, माणसं हे आकडे समजायला घेतलेत, तुमचे तुम्ही घाला.

गाडी ४४ जागांची. तालुक्यापासून तुमचं गाव २४ किलोमीटर. सकाळी पावणेसहाला आगारातून निघाली तेव्हा आत ५ जण. गावात फिरली, परत निघताना ३६ जण चढले. उभ्याने कुणी नाही, पण गाडी गच्च वाटते. गावकरी म्हणतात, बघा, एवढी माणसं असून गाडी बंद करता! आता त्या छत्तिसातली १५ पोरं आठ किलोमीटरवर हायस्कूल असलेल्या गावात उतरली. उरली २१, ती शेवटपर्यंत. मग हिशेब असा: १५ गुणिले ८ म्हणजे १२०, २१ गुणिले २४ म्हणजे ५०४, मिळून ६२४. जागांचे किलोमीटर ४४ गुणिले २४ म्हणजे १,०५६. झाले ५९ टक्के. त्यात येतानाची जवळजवळ रिकामी फेरी मिळवा: ५ गुणिले २४ म्हणजे १२०, भागिले १,०५६. दोन्ही फेऱ्या मिळून ३५ टक्के. तुमची गच्च गाडी कागदावर एक तृतीयांश भरलेली.

याच हिशेबात तुमचा मार्गही सापडतो. आठ किलोमीटरवर रिकाम्या झालेल्या त्या पंधरा जागा त्याच हायस्कुलाच्या गावातून पुन्हा भरल्या तर? तिथून तालुक्याला ज्युनिअर कॉलेजला, आयटीआयला, कोर्टकचेरीला जाणारे असणारच. म्हणून एकट्या गावाचा अर्ज करू नका. वाटेवरच्या मोठ्या गावाला बरोबर घ्या आणि दोघांना चालेल अशी वेळ सांगा. माझ्या अनुभवात टिकलेल्या फेऱ्या बहुतेक अशा जोडगावांच्या होत्या. एका गावाच्या हट्टाने सुरू झालेल्या फेऱ्या सणाच्या गाडीसारख्या आल्या नि गेल्या. आमदारांच्या पत्रावर सुरू झालेली गाडीही मी पाहिली आहे. पहिल्या दिवशी हार, नारळ, ड्रायव्हर-कंडक्टरला टोपी-टॉवेल, आणि सहाव्या आठवड्यात भारमान अकरा टक्के. पत्राने गाडी सुरू होते. ती चालू ठेवायला माणसं चढावी लागतात.

मग फेरी बंद कशी पडते? पहाटे साडेपाचला कंट्रोलरच्या खिडकीत उभे राहा, कळेल. ड्युटीवर यायचा एक ड्रायव्हर आलेला नसतो, एक गाडी वर्कशॉपमधून बाहेर पडलेली नसते, आणि फलकावर चौदा फेऱ्या लागलेल्या असतात. दोन कापायच्या. कुठल्या? लांब पल्ल्याची कापता येत नाही, आरक्षण झालेलं असतं. तालुका ते सोलापूर कापली तर स्टँडवर गोंधळ होतो. उरतात खेड्यांच्या. त्यातली आदल्या आठवड्यात कमी पैसे आणलेली आणि जिच्यासाठी कुणी फोन करत नाही, ती मरते. मी स्वतः असं केलं आहे, अनेकदा. आठवड्यातून दोनदा गाडी आली नाही की लोक वडापला (खाजगी जीपला) लागतात, मग आली तरी रिकामी जाते, मग भारमान पडतं, मग कायमची बंद होते. २०२१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत जो संप चालला, त्यात हे सगळं एका दमात झालं. पाच-सहा महिने वडाप हाच आधार होता, आणि वडापवाल्यांच्या वेळा पक्क्या बसल्या.

वडापवाल्याला शिव्या देऊ नका, असं मी एसटीचा माणूस असून सांगतो. दहा-बारा माणसांचं गिऱ्हाईक असेल तर ४४ जागांची गाडी फिरवणं मूर्खपणाचं आहे आणि जीपच योग्य आहे. प्रश्न येतो तो पोरींचा, म्हाताऱ्यांचा आणि संध्याकाळचा. जीप भरल्याशिवाय हलत नाही, सहाच्या पुढे मिळत नाही, आणि मागे लटकत जायचं म्हटलं की आईबाप पोरीची शाळा सातवीला थांबवतात.

म्हणून माझं सांगणं: माणसं मोजू नका, प्रवासी मोजा. चार दिवस फाट्यावर वही घेऊन बसा. सोमवार, आठवडी बाजाराचा दिवस, मधला एक वार आणि शनिवार (शनिवारी शाळा सकाळची असते, वेळ बदलते). सकाळी सहा ते साडेदहा आणि दुपारी चार ते सात. प्रत्येकाची नोंद: कुठे चालला, कशाने चालला, किती वाजता निघाला, परत कधी येणार. नाव नको, नाव विचारलं की लोक बिचकतात. मोटारसायकलवर दुसऱ्याच्या मागे बसून जाणारा मोजा, तो तुमचा उद्याचा प्रवासी. स्वतःच्या मोटारसायकलवर एकटा जाणारा मोजू नका, तो गाडी आली तरी बसणार नाही. हायस्कूल आणि कॉलेजच्या मुख्याध्यापकांकडून त्यांच्या लेटरहेडवर गावनिहाय विद्यार्थिसंख्या घ्या. अर्जाला जोडलेला हा एक कागद ग्रामसभेच्या तीन ठरावांना भारी आहे.

या मोजणीत मीच एकदा फसलो आहे. मोहोळ तालुक्यात सीनाकाठच्या एका गावाची मागणी आली होती. मी दोन सकाळी गावच्या फाट्यावर उभा राहिलो, नऊ माणसं मोजली आणि "प्रवासी प्रतिसाद नाही" असा शेरा मारून फाइल बंद केली. महिनाभराने पलीकडच्या रस्त्यावर एक गाडी बंद पडली म्हणून गेलो. रात्री पाऊस झालेला. तिथल्या फाट्यावर हातपंपाशी शाळेच्या ड्रेसमधल्या अकरा मुली पाय धूत होत्या. चपला प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी दप्तरात. काळ्या रानातून बांधाबांधाने दीड किलोमीटर आलेल्या, पोटरीपर्यंत चिखल. एकीने पंप मारायचा, दोघींनी पाय धुवायचे, मग पाळी बदलायची. कुठल्या गं, विचारलं, तर मी शेरा मारलेल्याच गावच्या! त्यांची वस्ती गावठाणाच्या दुसऱ्या टोकाला होती. गावच्या फाट्यावर यायचं तर चार किलोमीटर, म्हणून त्या या रस्त्याला येत. जनगणनेत त्या गावात होत्या, शाळेच्या पटावर होत्या, माझ्या नोंदीत मात्र कुठेच नव्हत्या. फाइल परत उघडली. गाडी वस्तीवरून वळवून घ्यायला पुढचा जून उजाडला. त्या अकरांतल्या नऊच जणी गाडीत बसल्या, दोघींची शाळा तोवर सुटली होती.

आता गाडी मागायची कशी. स्वतंत्र फेरी मागणं सगळ्यात अवघड, कारण तिला गाडी, ड्रायव्हर, कंडक्टर आणि जाऊन-येऊन ४८ किलोमीटर लागतात. त्यापेक्षा मुख्य रस्त्याने आधीच जाणारी गाडी आत वळवून परत बाहेर काढा म्हणणं सोपं. तीन किलोमीटर आत, तीन बाहेर, पंधरा मिनिटं. पुढच्या गावचे लोक कुरकुरतात, त्यांच्याशी आधी बोलून घ्या. तिसरा मार्ग म्हणजे अलीकडे संपणारी फेरी तुमच्यापर्यंत वाढवून घेणं. यातलं तुमच्याकडे काय बसतं ते तुमच्या रस्त्यांवर आहे, इथून मी सांगू शकत नाही. आगारातलं वेळापत्रक घ्या, तुमच्या गावापासून पाच किलोमीटरच्या आत कुठली गाडी किती वाजता फिरते ते कागदावर काढा, मग ठरवा.

अर्ज आगार व्यवस्थापकांच्या नावे, प्रत विभाग नियंत्रक, सोलापूर. एक पान. पहिल्याच ओळीत मागणी: अमुक वाजता सुटणारी अमुक गाडी अमुक फाट्यावरून गावात वळवून घ्यावी. खाली चार दिवसांच्या मोजणीचा तक्ता. त्याखाली शाळेचं पत्र. लोकसंख्या शेवटी एका ओळीत, २०११ ची, जशी आहे तशी. पोहोच घ्या. महिन्याने परत जा, तेव्हा दोघंच जा. वीस जणांचं शिष्टमंडळ आलं की साहेब चहा पाजतात आणि बघतो म्हणतात.

मग सर्व्हेला माणूस येईल, आणि इथे चांगल्या चांगल्या मागण्या पडतात. गावाकडचा डांबरी रस्ता बहुधा पावणेचार मीटरचा असतो, गाडीची रुंदी अडीच मीटरच्या वर. समोरून उसाची दोन ट्रॉल्यांची जोडी आली की एकाला साइडपट्टीवर उतरावंच लागतं. आणि साइडपट्टीवर काय असतं? वेडी बाभूळ. तिचे फाटे काचेला घासतात, खिडकीतल्या बाईच्या दंडाला ओरखडा येतो, ड्रायव्हर लेखी तक्रार देतो आणि रस्ता 'अयोग्य' ठरतो. सर्व्हेच्या आधी दोन रविवार श्रमदान करून दोन्ही बाजूंची बाभूळ तोडा. वळायला जागा बघा. मोठी गाडी एका दमात वळायला साधारण पंचवीस मीटर रुंद मोकळी जागा लागते. शाळेचं मैदान असेल तर वळण भिंतीपासून लांब ठेवा आणि पोरांना मागे-पुढे येऊ देऊ नका. गावात मांडव, कमान, लोंबणाऱ्या विजेच्या तारा असतील तर तेही बघा. टपावर तार घासण्याच्या भीतीने बंद झालेली फेरी मला माहीत आहे. वायरमनला सांगून एका दिवसात तार वर घेता आली असती, पण सांगितलं कुणी नाही.

ओढ्यावरचा पूल खचला असेल किंवा खड्डे असतील तर रस्ता कुणाचा आहे ते आधी काढा. प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. प्रत्येक रस्त्याला क्रमांक असतो, शाखा अभियंत्याकडे मिळतो. 'आमच्या गावचा रस्ता' म्हणून अर्ज दिलात तर दोन्ही ऑफिसं एकमेकांकडे बोट दाखवतील. जिल्हा परिषदेच्या रस्त्यांची दुरुस्ती ज्या लेखाशीर्षातून होते त्याला सगळे '३०५४' म्हणतात. गावातल्या कुणालाही विचारा, हा आकडा लोकसंख्येपेक्षा जास्त पाठ असतो.

संध्याकाळची गाडी मुक्कामी करून घेता आली तर सकाळचा प्रश्न आपोआप सुटतो. रात्री आलेली गाडी सकाळी तिथूनच निघते, रिकामं येणं वाचतं, वरच्या हिशेबातली ती पाच माणसांची फेरी गळते आणि भारमान उडी मारतं. पण मुक्कामाला ड्रायव्हर-कंडक्टर नाखूश असतात, आणि त्यांचं चुकत नाही. मी कंडक्टर असताना एका गावी मंदिराच्या ओसरीवर कॅशची बॅग उशाला घेऊन झोपलो आहे. डास, मोकाट कुत्री, आणि पहाटे परसाकडला लांब चालत जायचं. दोन माणसांना कडी लागणारी खोली, पंखा, संडास आणि पाणी, एवढं ग्रामपंचायतीने लेखी द्यावं. आम्ही देऊ, असं तोंडी नाही. खोलीचा फोटो जोडा.

गाडी सुरू झाली की खरं काम पुढे आहे. ७५ वर्षांवरच्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे, १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट. काही म्हातारी माणसं तिकीट न घेताच बसतात, "आम्हाला फुकट आहे" म्हणून. त्यांनी शून्य रुपयांचं तिकीट मागून घ्यावं. सवलतीचे पैसे सरकारकडून महामंडळाला मिळायचे असतात, आणि तुमच्या फेरीत माणूस होता याची नोंद मशिनवर त्या तिकिटानेच होते. विद्यार्थ्यांचं तसंच. पासात दोन तृतीयांश सवलत आहे, आणि अहिल्याबाई होळकर योजनेत खेड्यातल्या मुलींचा बारावीपर्यंतचा पास मोफत. पण पासवाल्यांची संख्या कंडक्टरने लिहिली नाही तर तीस मुलींनी भरलेल्या फेरीचं उत्पन्न कागदावर शे-दीडशे दिसतं. पहिले तीन महिने गावातल्या एकाने रोज किती चढले ते लिहून ठेवावं. बंदचा कागद निघाला तर तीच वही पुढे ठेवायची.

आणखी एक, आपल्या जिल्ह्यापुरतं. आषाढी-कार्तिकीला आगारांच्या गाड्या पंढरपूरच्या यात्रेला लागतात आणि खेड्यांच्या फेऱ्या आठ-दहा दिवस मरतात. त्या दिवसांत मोजणी करू नका, आंदोलनही करू नका. आगारात कुणाला जेवायला वेळ नसतो, तुमचं कोण ऐकणार. यात्रेनंतर मात्र तिसऱ्या दिवशी फेरी सुरू झाली का ते जाऊन विचारा. यात्रेला गेलेली गाडी परत आली पण फेरी आली नाही, असं होतं.

तुमचं गाव रत्नागिरी-सोलापूर महामार्गाजवळ असेल तर थोडं वेगळं बघावं लागेल. चौपदरी रस्ता झाला की गाड्या वाढतात आणि थांबे कमी होतात. गाडी पुलावरून सुसाट जाते, तुम्ही खाली सर्व्हिस रोडला हात करत उभे. तिथे नवीन फेरी मागू नका, सर्व्हिस रोडने यायची आणि थांब्याची लेखी मागणी करा. त्याला जास्तीचं किलोमीटर फारसं लागत नाही, लवकर होतं.

चार दिवसांची मोजणी करून एका फेरीला चढतील अशा माणसांचा आकडा बारा-पंधराच्या वर गेला नाही तर मला तसं सांगा. मग एसटीचा नाद सोडून शाळेच्या वेळेपुरती जीप ठरवून घेणं बरं पडेल, त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागेल. पंचविसाच्या वर गेला तर गाडी मागायला तोंड आहे. मधे अडकला तर जोडगाव शोधा. आषाढी उरकली, शाळा रुळावर आल्या की मोजायला बसा. आणि एक पोरगा मळ्याच्या वस्तीकडच्या वाटेवरही बसवा, वही देऊन. पाऊस झालेल्या सकाळी विशेष करून.